शनिवारचा उतारू

पुलापलीकडच्या थांब्यावर कुणी उतरत नसे. उतरून जाणार तरी कुठे? रस्त्याच्या एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला ओढा आणि ओढ्यापलीकडे एकच घर. ते घर बस चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या आईचं. त्यामुळे एक परदेशी विद्यार्थी पाठीवर पिशवी टाकून दर शनिवारी तिथं उतरू लागला, तेव्हा ड्रायव्हरच्या मनात पाल चुकचुकली.

ड्रायव्हर मुळातच संशयी. दूधवाला हसून बोलला, की आज दुधात पाणी जास्त आहे असं धरून चालणारा माणूस. आणि हा पोरगा तर सारखाच हसायचा. शहरातल्या कॉलेजात शिकायला आलेला, भाषा मोडकीतोडकी, पण उत्साह नुसता उतू चाललेला. त्याला आवडत नाही असं काही नव्हतंच. चुलीत भाजलेला बटाटा खाल्ला, फारच छान. ओढ्यात घसरून गळ्यापर्यंत भिजला, फारच छान. पलीकडच्या वस्तीत कुणाच्या तरी लग्नात अनोळखी म्हाताऱ्यांबरोबर पाय सुजेस्तोवर नाचला, तेही फारच छान. कंडक्टरनं त्याचं नावच ‘फारच छान’ ठेवलं होतं.

परतताना तो ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून टेकडीवर दिसलेल्या सशापासून शेळीनं दिलेल्या धडकेपर्यंत सगळं रंगवून सांगे. ड्रायव्हर आरशातून त्याला न्याहाळत राही. भोपळ्याच्या भाजीनं इतका हरखून जाणारा माणूस त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. तीच भाजी खाऊन तो स्वतः लहानाचा मोठा झाला होता, पण आईला कधी बरी झालीय म्हणाल्याचं त्याला आठवत नव्हतं.

‘आजी’ असं तो पोरगा ड्रायव्हरच्या आईला म्हणे. टेकडीवरून उतरताना तहान लागली म्हणून त्यानं एकदा दार वाजवलं होतं. तेव्हापासून त्याचा मुक्काम तिथंच पडू लागला.

ड्रायव्हर स्वतः मात्र त्या घरी बरेच महिने गेला नव्हता. हिवाळ्यात आई विहिरीपाशी घसरून पडली होती. तेव्हा तो घाबरला, आणि घाबरला की तो ओरडत असे. पुन्हा पडलीस तर तुझं काही ऐकणार नाही, घराला कुलूप लावून तुला शहरात नेणार, असं त्यानं तिला बजावलं. तिनंही तोंडावर सांगितलं, की तेच बोलायचं असेल तर या घरी येऊ नकोस. माय-लेक दोघंही हट्टी. तो गेला नाही. बस रोज दारावरून जायची, आई दारातून हात करायची आणि फोनवर विचारलं की ठणठणीत आहे म्हणायची.

पण पूर्वी रविवारच्या परतीच्या फेरीला ती डबा घेऊन स्वतः रस्त्यावर येत असे. खिडकीतून डबा आत द्यायची आणि दाढी वाढलीय म्हणून चार लोकांत सुनवायची. आता डबा तो पोरगा आणत होता आणि ती दारातच चौकटीला टेकून हात करत होती. ड्रायव्हरनं ओळखलं, आईचा आपल्यावरचा राग अजून गेलेला नाही आणि आपली जागा मात्र भरली गेली आहे. हे त्याला झोंबलं, अगदी आतपर्यंत.

मग एका रविवारी पोरगा बसमध्ये चढला तो ड्रायव्हरच्या वडिलांचे बूट घालून. टाचेला ठोकलेला पत्रा पाहताच ड्रायव्हरनं ते ओळखले. वडील गेल्यावर आईनं ते बूट त्यालाही घालू दिले नव्हते. माझे चिखलात फाटले म्हणून आजीनं दिले, असं पोरगा म्हणाला आणि वर हसून त्याला विचारू लागला, की लहानपणी तुम्हाला ‘बोका’ म्हणायचे ना? कंडक्टर फिसकन हसला. ड्रायव्हरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कंडक्टर काडी टाकण्यात पटाईत. एकटी बाई, ओढ्याकाठची जागा आणि गोडबोल्या परका, पुढचं मी सांगायला नको, एवढं बोलून तो तिकिटं फाडायला मागे निघून गेला. ड्रायव्हरला तेवढं पुरलं. त्या दिवसापासून पोरगा काय नेतो, काय आणतो, यावर तो डोळ्यात तेल घालून नजर ठेवू लागला.

पुढच्या शनिवारी पोरगा लाकडी दांडे, खिळ्यांची पुडी आणि मोजायची टेप घेऊन चढला. कशाला रे हे, असं ड्रायव्हरनं सहज विचारल्यासारखं विचारलं. शेळीच्या धडकेचं वर्णन पुलापासून शहरापर्यंत पुरवणारा तो पोरगा गप्प झाला. खिडकीबाहेर बघत म्हणाला, “सांगता येत नाही.”

घर मोजायला निघालाय, ड्रायव्हरनं मनाशी ठरवून टाकलं. आईला फशी पाडून घर लाटणार आणि आपण रोज दारावरून बस हाकत बघत बसणार.

रविवारी परतीच्या फेरीला पोरगा डबा घेऊन थांब्यावर उभाच होता. ड्रायव्हरनं डबा घेतला नाही. त्यानं गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि प्रवाशांच्या देखत खाली उतरून तडक ओढ्याच्या दिशेनं चालू लागला. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यानं असं कधी केलं नव्हतं. कंडक्टर हाका मारत राहिला. पोरगा “नको, नको” करत त्याच्या मागे धावला, त्यानं ड्रायव्हरची बाहीसुद्धा धरली. ड्रायव्हरनं ती हिसडून सोडवली. त्याचा संशय आता खात्रीत बदलला होता.

ओढा ओलांडून तो अंगणाच्या कडेला आला आणि थबकला.

दारापासून विहिरीपर्यंत आणि तिथून खुराड्यापर्यंत नव्या लाकडाचा कठडा उभा होता. वेडावाकडा, कुठे उंच, कुठे बुटका, निम्मे खिळे वाकलेले. तो दोन्ही हातांनी धरून आई कोंबड्यांकडे निघाली होती. डावा पाय ती टेकवत नव्हती, नुसता ओढत होती.

ती पुन्हा पडली होती, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. रस्त्यावर का येत नव्हती आणि दारात चौकटीला टेकून का हात करत होती, तेही कळलं. मागे धापा टाकत आलेल्या पोराकडे बघायची त्याला लाज वाटली.

आईनं मान वर केली. त्याला बघून तिचा चेहरा उतरला. एखादी चोरी पकडली गेल्यासारखी ती जागच्या जागी उभी राहिली.

“त्याला काही बोलू नकोस,” ती म्हणाली. “मीच शपथ घातली होती.”

“त्याला सांगितलंस. मला नाही?”

“तो मला न्यायला आलेला नव्हता.”

रस्त्यावरून कंडक्टरची शिट्टी ऐकू आली, पाठोपाठ कुणीतरी हॉर्नही दाबला. ड्रायव्हर चार पावलं पुढे झाला तशी ती मागे सरकली. आपली आई आपल्याला बघून मागे सरते, हे त्याच्यानं पाहवेना.

“नाही नेणार तुला,” तो म्हणाला. “डॉक्टरला इथं घेऊन येतो. राहा तू इथंच.”

आईनं त्याला खालून वर न्याहाळलं. दाराशी आलेल्या फेरीवाल्याकडे बघावं तसं. मग तिनं मान वळवली आणि त्याच्या खांद्यावरून त्या पोराला हळूच विचारलं,

“खरं बोलतोय का रे हा?”

पोरगा ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघू लागला. रस्त्यावर हॉर्न वाजतच होता. तो पोरगा आता काय म्हणतो, याची वाट बघत ड्रायव्हर अंगणात उभा राहिला.