पगारी आरोपी

धुळ्याच्या कोर्टात आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा आधी पुसून मग आत उभा राहणारा आरोपी मी एकच पाहिला. नाना. पुकारा झाला की ते बाकावरून सावकाश उठत, खांद्यावरचं उपरणं काढून कठड्याची धूळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसत, उपरणं झटकून पुन्हा खांद्यावर टाकत आणि मग मॅजिस्ट्रेटकडे अशा नजरेनं बघत, की साहेबच यांना भेटायला आलेत की काय! कोर्टाचा पट्टेवाला त्यांना रामराम घालायचा. का नाही घालणार? मॅजिस्ट्रेट येत आणि बदली होऊन जात. नाना तिथेच असत.

मी तेव्हा नुकती सनद घेतलेला ज्युनिअर होतो. ज्यांच्या हाताखाली होतो ते अण्णा वकील दादासाहेबांचे सगळे खटले चालवत. दादासाहेब म्हणजे गावाबाहेरच्या ऑइल मिलचे मालक. शाळांच्या बक्षीस समारंभांना हे हमखास अध्यक्ष, आणि भाषणाचा विषय ठरलेला : शुद्ध चारित्र्य. त्यांच्या तेलाच्या डब्यावर गाईचं चित्र असे. शेंगदाण्याच्या तेलाशी गाईचा संबंध काय, हे कोणी विचारलं नाही. डब्यात शेंगदाणा किती आणि स्वस्तातली सरकी किती, हेही कोणी विचारत नसे. विचारायचा तो फक्त अन्नभेसळीचा इन्स्पेक्टर. आणि त्यासाठीच तर नाना ठेवले होते.

कायदा असा होता, की भेसळ कोणी केली हे शोधत बसायचं नाही. धंदा ज्याच्या ताब्यात, तो गुन्हेगार. कायदा करणाऱ्यांना वाटलं, आता मालक सापडेल. भाबडी माणसं! दादासाहेबांनी आठ दिवसांत धंदा नानांच्या ताब्यात देऊन टाकला. म्हणजे मिलच्या फाटकाजवळच्या खोलीत एक खुर्ची दिली, दारावर ‘मॅनेजर’ अशी पाटी लावली आणि एक काळा कोट शिवून दिला. नाना साक्रीकडच्या एका खेड्यातले, कोरडवाहू शेतीला कंटाळून धुळ्यात आलेले. उंचेपुरे, पांढऱ्या झुबकेदार मिशा, घोगरा आवाज. दादासाहेबांनी बघताक्षणी हेरलं, की हा माणूस जबाबदार दिसतो. काम काय, असं नानांनी विचारलं, तेव्हा दादासाहेब म्हणाले, काम काही नाही, फक्त जबाबदार राहायचं. आणि आत टाक्यांकडे फिरकायचं नाही.

गंमत अशी, की नानांना ही पाटी खरी वाटली. समन्स आलं की ते शेजारपाजाऱ्यांना दाखवत, साहेबांनी बोलावलंय म्हणून सांगत. तारखेच्या दिवशी कोट घालून, मिशांना तेल लावून निघत. तेल मात्र घाण्यावरून आणलेलं. मिलचं नव्हे, एवढी अक्कल होती. कोर्टात गुन्हा कबूल आहे का असं विचारलं, की खणखणीत आवाजात एकच वाक्य : “मी जबाबदार शे.” मग दंड व्हायचा, तो दादासाहेब भरायचे, आणि कैद व्हायची, ती कोर्ट उठेपर्यंतची. नाना संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून इतरांचे खटले ऐकत आणि बार रूममध्ये येऊन आम्हाला कोणाचं कुठे चुकलं ते सांगत. त्यांचं ऐकून एकदा एका वकिलाने खरंच उलटतपासणी बदलली आणि खटला घालवला.

मी एकदा चिडून त्यांना म्हटलं, की नाना, हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. नानांनी चहाची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “संन्याशाले पगार नव्हता, भाऊ. माले शे.” अण्णा इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. वकिली शिकत होतो ना!

मग आणीबाणी आली. कायदा कडक झाला, कोर्ट उठेपर्यंतच्या कैदेचे लाड संपले. आता सरळ सहा महिने. शिवाय नव्या कायद्यात सोय केलेली, की काही झालं तर कोणाला धरायचं ते मिलनेच आधी कळवून ठेवावं. बळीचा बकरा कोणता, ते बकरा पाळणाऱ्यालाच विचारण्यासारखं. दादासाहेबांनी अर्थातच नानांचं नाव कळवलं. अण्णांनी नानांना बोलावून सगळं समजावलं. तुरुंगात जावं लागलंच तर घराकडे दादासाहेब बघतील, असंही सांगितलं.  नानांची साठी उलटलेली, घरी दम्यानं बेजार बायको. रात्री तिला पाठीला धरून बसवायला यांच्याशिवाय कोणी नाही. सहा महिने तिला कोण उठवून बसवणार, हे दादासाहेबांच्या बघण्यात येत नव्हतं. त्यांनी विचारलं, की मिलच्या आत जे होतं त्यासाठी मी तुरुंगात जाणार, तर मग मला टाक्यांपर्यंत आत जाता येतं का? अण्णांनी पानाचा तोबरा सावरत गमतीने सांगून टाकलं, “अहो, कायद्याने तुम्हीच मालक. आत तुमचाच शब्द चालायला हवा.”

अण्णांची ही आयुष्यातली सगळ्यात महागडी थट्टा. दुसऱ्या दिवशी नाना कोट घालून थेट आत गेले आणि सरकीच्या टाकीला कुलूप ठोकलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. कामगारांनी मुकाट ऐकलं. पाटीवर मॅनेजर लिहिलेलं होतं, त्यांना काय माहीत ते कोर्टापुरतं आहे म्हणून? दादासाहेब लालबुंद होऊन अण्णांकडे आले. काढून टाका, अण्णा म्हणाले. पण मग नाव कोणाचं द्यायचं? दादासाहेबांनी आधी शिरपूरच्या पुतण्याला विचारलं; त्याच्या पाठीत अचानक उसण भरली. मेहुणा जळगावला निघून गेला आणि पत्त्याचं पोस्टकार्डही टाकेना. सख्ख्या मुलाला एकाएकी एम.ए. करावंसं वाटू लागलं. वाटा मागताना घरभर भागीदार होते. जबाबदार म्हटलं की नानांशिवाय घरात कोणी नाही.

मग काही महिने धुळ्याला दादासाहेबांच्या मिलचं शुद्ध तेल मिळालं. आणि लोकांनी काय करावं? तक्रारी! तेल बिघडलं, शेंगदाण्याचा वास मारतो, म्हणून गिऱ्हाइकं डबे परत आणू लागली. नाना फाटकात उभे राहून प्रत्येकाला सांगत, शेंगदाण्याचं तेल शे, शेंगदाण्याचाच वास येणार. त्यांचा रुबाब काय सांगू! मिलमध्ये ते आता हात मागे बांधून फिरत आणि विनाकारण खाकरत. काम कशाशी खातात ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, पण ती किल्ली त्यांनी अंघोळीलाही सोडली नाही.

दिवाळीच्या तोंडावर तेलाची मागणी वाढली आणि नेमकी साक्रीकडे नानांची थोरली बहीण वारली. नाना दहाव्याला गावी गेले. दादासाहेबांनी संधी साधली. स्वतः उभं राहून कुलूप तोडवलं आणि सरकी सोडली. त्याच दुपारी इन्स्पेक्टर आला. एरवी तो आधी निरोप धाडायचा; पण आणीबाणीत त्यालाही नोकरी प्यारी झाली होती.

खटला अर्थातच नानांवर. नाना सुतकातून परतले ते समन्स घ्यायलाच. दादासाहेब त्यांच्या घरी गेले, नेहमीचं वाक्य म्हणा म्हणाले, मिठाला जागा म्हणाले. नानांनी त्यांना चहा पाजून दारापर्यंत पोचवलं.

आता निकाल आधीच सांगून टाकतो, ही वकिलाची खोड समजा. नाना सुटले. नोकरी गेली, ते बायकोला घेऊन गावी परतले आणि तिच्यानंतर वर्षभरात तेही गेले. दादासाहेबांना सजा लागली, ते अपिलात सुटले आणि पुन्हा बक्षीस समारंभांना जाऊ लागले. कोणाला न्याय झाला असं वाटत असेल तर वाटू द्या. पण मधले दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत.

पहिल्या दिवशी नानांनी कठडा पुसला आणि सांगितलं, “मी जबाबदार शे. पण माले एक इचारनं शे.” वकील त्यांनी नाकारला होता; अण्णा आणि मी दादासाहेबांच्या वतीने नुसते ऐकायला बसलो होतो. इन्स्पेक्टर साक्ष देऊन उतरणार, तोच नानांनी त्याला विचारलं, टाकीचं कुलूप कसं होतं? तोडलेलं, तो म्हणाला. टाकीपाशी कोण उभं होतं? इन्स्पेक्टरने अण्णांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मग मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं आणि म्हणाला, दादासाहेब. नानांनी करगोट्याची किल्ली सोडून कठड्यावर ठेवली.  मॅजिस्ट्रेटने लेखणी उचलली आणि मालकाच्याच संगनमताने भेसळ झालेली दिसते, म्हणून दादासाहेबांनाही आरोपी करून टाकलं. माझ्या शेजारी अण्णा कपाळाला हात लावून बसले. मला इतका आनंद झाला, की मी फायलीत तोंड लपवलं.

पुढच्या तारखेला दादासाहेब पांढऱ्या कपड्यांत आले. पिंजऱ्याशी येऊन अडखळले. तेव्हा नाना पुढे झाले, उपरणं काढलं, कठडा नेहमीसारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसला आणि शेजारी जागा करून दिली. मॅजिस्ट्रेटने दादासाहेबांना विचारलं, गुन्हा कबूल आहे का. दादासाहेब हात जोडून, भाषणाच्याच आवाजात म्हणाले, साहेब, मिलमध्ये काय चालतं ते मला काहीच माहीत नव्हतं.

नानांनी मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाले, “माले बी कधी माहीत नव्हतं, दादासाहेब. तरी मी हुभा ऱ्हायनू ना.”