खिडकीजवळचा बाक

ती केस आजही आठवली की हातातला चहा तसाच राहतो आणि बायको विचारते, "पुन्हा तीच का?" नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्रातून वाहून आलेली प्रेतं पाहिली. पण इतका हादरलो नव्हतो. आणि त्या केसमध्ये रक्ताचा थेंबही नव्हता. होती ती फक्त पाचवीच्या पोरांची एक परीक्षा.

तेव्हा मी रायगडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जोडून सुट्ट्या आल्या होत्या, निम्मा स्टाफ हरिहरेश्वरच्या बंदोबस्ताला गेला होता आणि ठाण्यात मी, ठाणे अंमलदार आणि एक महिला हवालदार एवढेच उरलो होतो. पर्यटकांच्या गाड्यांवरून भांडणं चालली होती, माझं डोकं आधीच तापलेलं होतं. अशात जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई आत आल्या. म्हसळ्याहून रोज एसटीनं येऊन आमच्या बंदरावरच्या शाळेत शिकवणाऱ्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"साहेब, निकालात गडबड झाली आहे. माझी मुलगी नापास होऊच शकत नाही."

मी म्हटलं, "बाई, प्रत्येकाला आपली मुलगी हुशारच वाटते. यासाठी पोलीस कशाला?"

"माझी म्हणजे माझ्या वर्गातली. तांडेलाची पोर." तांडेल म्हणजे मासेमारीची बोट चालवणारा. "आणि जी निवडली गेली ना, ती त्याच्याच नाखव्याची मुलगी. तिला अजून अपूर्णांकांची बेरीज येत नाही."

नाखवा म्हणजे बोटीचा मालक. तांडेल त्याच्या बोटीवर, दोघांची घरं एकाच गल्लीत, आणि दोघांच्या मुली एकाच वर्गात. बाईंचं म्हणणं सरळ होतं: नाखव्यानं कुठेतरी हात ओले केले आणि गरिबाच्या पोरीचे गुण आपल्या पोरीच्या नावावर फिरवून घेतले.

ही परीक्षा कशी असते ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. सरकारी निवासी शाळेत सहावीला प्रवेश मिळवण्यासाठी पाचवीची पोरं ही परीक्षा देतात. बुद्धिमत्ता, गणित आणि भाषा, असा एकच पेपर. उत्तर लिहायचं नाही, गोल काळा करायचा. उत्तरपत्रिका पोरांसमोर गोळा होतात, सीलबंद होऊन बाहेर जातात आणि यंत्रावर तपासल्या जातात. निवड झाली की बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. सुटली की सुटली.

बाई म्हणाल्या, "त्या पोरीला ही एकच संधी होती, साहेब. आता तिच्यापुढे काय आहे? आईबरोबर टोपली घेऊन बाजारात बसणं." मग त्या बसल्या.

मी आधी क्लासवाल्याला बोलावलं. तालुक्याच्या गावी त्याचा क्लास होता, नाखव्याची मुलगी तिथे जायची, आणि निकालानंतर त्यानं नाक्यावर तिच्या फोटोचा एवढा मोठा फ्लेक्स लावला होता. म्हटलं, हाच तो. आमच्या खात्यात एक खोड असते, जो जास्त मिरवतो त्याच्यावर आधी संशय. दरडावून विचारलं तर तो रडकुंडीलाच आला.

"साहेब, खरं सांगू? निकाल लागला तेव्हा मलाच घाम फुटला. सराव परीक्षेत ती पोर कधी निम्मे गुणसुद्धा आणत नव्हती. मला वाटलं, देव पावला. लावून टाकला फ्लेक्स."

"आणि देवाला पावायला किती दिलेस?"

"आईशप्पथ नाही, साहेब! ते पेपर कुठे तपासतात तेसुद्धा मला माहीत नाही."

त्याचा फोन तपासला, जबाब घेतला, परीक्षा केंद्राच्या प्रमुखांना भेटलो. काही म्हणजे काही हाती लागलं नाही. सील जागच्या जागी, पोहोच बरोबर, पाकिटं वेळेवर गेलेली. तिथल्या कुणाचाही त्या कागदांना नंतर हात लागणं शक्य नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची नसेल तर क्लासवाल्याला सोडणं भाग होतं. सोडला. पण बाईंची पोर नापास झाली होती आणि तिकडची पास झाली होती, हे काही बदलत नव्हतं. पेपर बाहेर गेल्यावर काही झालं नसेल, तर जे झालं ते परीक्षेच्या खोलीतच झालं असणार.

लहान मुलांना ठाण्यात बोलावायचं नसतं. गणवेश घालून त्यांच्यासमोर जायचंही नसतं. म्हणून आमची महिला हवालदार साधी साडी नेसून तांडेलाच्या घरी गेली, मी साध्या शर्टात बाहेर ओट्यावर बसलो. पोरीची आई घरात होती. पोर करंदी सोलत बसली होती, त्या बारीक कोळंबीची साल काढायला बोटं फार चलाख लागतात. आमची हवालदारीणही तशी दर्यावरचीच. तिनं पदर खोचला, समोर बसली आणि करंदी सोलायला लागली. परीक्षेचं नावही काढलं नाही. आधी करंदीचा भाव, मग शाळा, मग बाई मारतात का, मग हळूच पेपर.

"कठीण होता गो?"

"न्हाय. सोपा होता. पयलं मन लागत न्हवतं. बाबा बोट घेऊन गेलेला, वारा सुटलेला, आय रडत होती घरात." पोर भराभर सोलत बोलत होती. "मग पेपर लिव्हताना आमची बोट बंदरात शिरताना दिसली. पुढं पिवळा पट्टा हाय ना तिला. बाबा नाळेवर उभा होता, डोक्याला लाल टॉवेल बांधून. तवा जीव खाली पडला. मग मी झरझर सगळा सोडवला."

नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक. मी ओट्यावर बसून हसलो. काय नजर असते या पोरांची! शंभर बोटींतून बापाची बोट ओळखतात. मग आतून तिच्या आईच्या हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. ती आई पांढरीफटक पडली होती.

बोट दिसली म्हणून आई घाबरली? का? माझ्या डोक्यात तेव्हा काही शिरलं नाही. पण पोलिसाला भांड्याचा आवाज विसरता येत नाही.

तिथून मी थेट परीक्षा केंद्रावर गेलो. बंदराला लागूनच ती शाळा. शिपायाकडून चावी घेतली आणि केंद्रप्रमुखांना म्हटलं, "तांडेलाची मुलगी कुठल्या बाकावर होती ते दाखवा." पोरांना क्रमांकाप्रमाणे बसवतात, बाकावर क्रमांक चिकटवलेला असतो, तिथे मनमानी चालत नाही. त्यांनी व्हरांड्याच्या बाजूचा, दरवाजाजवळचा बाक दाखवला. मी बसलो. पाचवीच्या बाकावर माझ्यासारखा धिप्पाड माणूस कसा बसला असेल ते विचारू नका. गुडघे छातीला लागले. बंदराच्या बाजूला तोंड केलं. समोर भिंत आणि मोठं लाकडी कपाट. बंदर सोडा, आभाळसुद्धा दिसत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच, उघड्या दारातून व्हरांड्यातलं पाण्याचं पिंप.

"आणि नाखव्याची मुलगी?"

त्यांनी बोट दाखवलं. पलीकडच्या रांगेत खिडकीजवळचा बाक. उठलो, तिथे जाऊन बसलो. समोर सगळं बंदर पसरलेलं, आत येणाऱ्या बोटी, जेटीवरच्या बाया, लिलावाची गडबड. लाल टॉवेल काय, माणसाची मिशी दिसली असती.

अरे देवा! मी तिथेच बसून राहिलो. केंद्रप्रमुख विचारत होते, "काय झालं साहेब?"

संध्याकाळी हवालदारीण नाखव्याच्या मुलीला भेटली. तिची आई शेजारी होती. साधंच विचारलं, पेपर लिहिताना समोर काय दिसत होतं गं? पोरगी खालमानेनं म्हणाली, "पान्याचा पिंप." आणि रडायला लागली.

पोरी एकमेकींच्या जागेवर बसल्या होत्या, एकमेकींच्या क्रमांकावर पेपर लिहिला होता. दोघींचा गणवेश एकच, दोन वेण्या, लाल रिबिनी, प्रवेशपत्रावरचा फोटो झेरॉक्समध्ये काळा पडलेला, आणि पर्यवेक्षक दुसऱ्या गावचे. कोण ओळखणार?

आता हे कुणी घडवलं? मी छातीठोकपणे सांगितलं असतं, नाखव्यानं. तोही दुसऱ्या दिवशी वादळासारखा ठाण्यात घुसला. "माज्या पोरीच्या अकलेवर संशय घेता? गरिबाची पोर नापास झाली म्हणून माजी चोर?" टेबलावर हात आपटला. मी त्याला ओरडू दिलं. खोटं ओरडणारा माणूस ओरडताना तुमच्या डोळ्यात बघत नाही, हा बघत होता. तेव्हाच माझ्या मनात शंका आली की याला काही ठाऊकच नाही.

त्याच्यामागून दोन बाया आल्या. एक त्याची बायको, एक तांडेलाची. हातात हात धरून. तांडेलाची बायको पुढे झाली.

"सायेब, त्यांना काय बोलू नका. हे आमी दोघींनी केलं."

माझ्या पायाखालची वाळू सरकली. दुसऱ्यानं लुबाडलं असतं तर समजलो असतो. पण आपल्याच पोरीचा घास आईनं काढून द्यायचा? मी चिडूनच म्हणालो, "अहो, तुम्ही आई आहात की कोण? स्वतःच्या पोरीचं नशीब दुसऱ्याला वाटलंत?"

ती शांत होती. "ही पोर झाली तवा मी तापानं फणफणले होते. दूध न्हवतं. हिनं आपल्या पोरीबरोबर माज्या पोरीलापन पाजली. दोगी एकाच दुधावर वाढल्या. तिच्या दुधावर माजी पोर जगली, सायेब. हिनं पदर पसरला. मी न्हाय कसं म्हनू?"

नाखव्याची बायको नवऱ्याकडे न बघता बोलली. "यांनी गावभर सांगून ठेवलेलं, माजी पोर निवडली जानार म्हणून. घरात म्हनाले, नापास झाली तर उंबऱ्यात घेनार न्हाय. पोर झोपेत पाढे बोलायला लागली. ओरडून उठायची. मी काय करू?"

नाखवा बाकड्यावर बसला. नंतर मला कळलं, त्याच दिवशी त्यानं नाक्यावर जाऊन जाळं कापायच्या सुरीनं स्वतःच्या पोरीचा फ्लेक्स फाडून खाली उतरवला.

कायद्याला दूध समजत नाही. दोन्ही आयांवर तोतयेगिरी आणि फसवणुकीचा गुन्हा दाखल करावा लागला. पुढे न्यायालयानं त्यांना चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, ते बरं झालं. परीक्षा घेणाऱ्यांना मी अहवाल पाठवला. त्यात जीव ओतून लिहिलं होतं की पेपर ज्या मुलीनं सोडवला ती मुलगी निरपराध आहे, गुण तिचेच आहेत, तिचा विचार व्हावा. शाळेतल्या बाई तर हातापाया पडल्या. "अहो, तिनंच लिहिलाय तो पेपर!" उत्तर आलं ते नियमाचं. दोघींचीही निवड रद्द, दोघीही अपात्र. जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला मिळाली. त्याचा तरी काय दोष?

नियम चुकीचा आहे असं म्हणायची माझी हिंमत नाही. एकीला सूट दिली तर उद्या दहा नाखवे दहा हुशार पोरं शोधतील. पण त्या दिवशी माझ्याच अहवालानं त्या पोरीचं दार बंद झालं, हे कळत होतं आणि संताप येत होता. कुणावर यावा हेही कळत नव्हतं. बाई न्याय मागायला आल्या, आई उपकार फेडायला गेली, दुसरी आई लेकीला वाचवायला गेली. एकही माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर मी समजत होतो की गुन्हा म्हटला की वाईट माणूस शोधायचा. तो सापडला नाही तर काय करायचं, ते आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.

रद्द झाल्याचं पोरीच्या घरी सांगायला मी स्वतः गेलो. खात्याची पद्धत तशी नाही, पण गेलो. तांडेल बोटीवर होता. त्याची बायको दाराशी उभी राहिली. पोर आजही करंदी सोलत होती. तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं की बाळा, आता त्या शाळेत तुला जाता येणार नाही.

तिनं मान डोलावली. तिला ते आधीपासूनच माहीत असावं, ती आईच्या शब्दासाठी त्या दुसऱ्या बाकावर जाऊन बसली तेव्हापासून. मग तिनं दाराकडे बघितलं, आई आत गेली आहे याची खात्री केली आणि हळूच विचारलं,

"सायेब, पन म्हंजे... पास मीच झाले ना?"

इतके दिवस ती पोर हे एवढंच मनात धरून बसली होती. कुणाला विचारायची सोय नव्हती.

"व्हय," मी म्हटलं. "तूच पास झालीस."

ती एवढं गोड हसली, आणि परत करंदी सोलायला लागली. मी बाहेर येऊन जीपमध्ये बसलो. ड्रायव्हरनं विचारलं, "साहेब, निघायचं?" मी त्याला थोडं थांबायला सांगितलं.