चाक फिरतं तोवर

तंजावूरजवळ तिरुवैयारूला राहणारी माझी मावशी समोर बसून आईबद्दल एक अक्षर बोलत नाही. जेवलीस का, बस वेळेवर मिळाली का, केस कशाला कापलेस, एवढंच. आई गेली तेव्हा मी इतकी लहान होते की तिचा आवाजही मला आठवत नाही. कुठे टेप केलेलाही नाही. जुनी माणसं सांगतात की दोघी बहिणींचा आवाज अगदी सारखा होता, फोनवर माझे वडीलसुद्धा फसायचे. त्यामुळे मावशी बोलायला लागली की मी शब्द सोडून नुसता आवाज ऐकत बसते, आणि ती विचारते, लक्ष कुठे आहे तुझं.

मी तंजावूरच्या एका कॉलेजात संगणकांचं जाळं सांभाळते. राजवाड्यामागच्या गल्ल्यांतल्या आम्ही काही मराठी घरांनी मिळून इंटरनेटवर एक उघडं दार ठेवलं. कोणीही फोनवरून यावं, बटण दाबावं, आपल्या मराठीत हवं ते बोलावं. ते तिथे राहतं आणि बाकीच्यांना ऐकता येतं. देवनागरी वाचणारे आमच्यात बोटांवर मोजण्याइतके, आणि मुलांना समजतं पण बोलताना तमिळच तोंडात येतं. तेव्हा लिहिण्याच्या भानगडीत न पडता बोलणंच बरं होतं. नाव सांगायचं नाही, पासवर्ड लक्षात ठेवायचा नाही.

मावशीला हे फारच आवडलं. अंबट भाजी, म्हणजे आमची चिंचेतली पालेभाजी, कशी करायची ते सांगता सांगता एकदा ती मधेच म्हणाली की आमच्या धाकटीला चिंच जास्त लागायची. धाकटी म्हणजे माझी आई. मी तो तुकडा कितीदा ऐकला असेन, देव जाणे. जी बाई माझ्यासमोर गप्प बसते ती फोनशी बोलते, हे कळल्यावर मला राग आला आणि आशाही वाटली. आज नाही तर उद्या बाकीचंही येईल म्हणून मी वाट बघायला लागले.

आल्या त्या जुगाराच्या जाहिराती. उघडं दार दिसल्यावर कुठकुठली स्वयंचलित यंत्रं आत घुसली आणि आमच्या लोकांचे आवाज त्या कचऱ्याखाली दिसेनासे झाले. माझ्याबरोबर हे काम बघणारा चुलतभाऊ म्हणाला, सरळ ओटीपी मागू. मागून पाहिला. पण ओटीपी कोणालाही सांगायचा नाही हे बँकेने आमच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात असं पक्कं बसवलंय की त्यांनी तो आमच्या दारालाही सांगितला नाही. सगळे हसत हसत परत गेले आणि वर आम्हालाच सावध राहायला सांगितलं.

मग मी कोडं बसवलं. दार उघडण्याआधी येणाऱ्या फोनला एक आकडेमोड द्यायची. उत्तर चाचपडत शोधावं लागतं, पण सापडलेलं बरोबर आहे का ते आम्हाला झटकन तपासता येतं. माणसाला काही करावं लागत नाही, त्याचा फोनच ते करतो. एकदा येणाऱ्याला त्याचं ओझं नाही. दिवसभर दार ठोठावणाऱ्या यंत्राला मात्र दर वेळी तेवढे कष्ट पडतात आणि ते कंटाळून दुसरीकडे जातं. आमच्या लग्नांत नवी नवरी उखाणा घेईपर्यंत नणंद दार अडवून उभी असते ना, तसंच. तू कोण हा प्रश्न तिथेही नसतो, थोडा त्रास घे एवढंच म्हणणं असतं.

यंत्रं हटेनात तशी मी आकडेमोड अवघड करत गेले. नव्या फोनना ते जाणवलंही नाही. मावशीचा फोन मात्र मुलाने वापरून टाकलेला. उत्तर सापडेपर्यंत त्याच्या पडद्यावर ते थांबायला लावणारं छोटं चाक फिरत राही, फोन तापे, आणि चहा उकळून होईल इतक्या वेळाने दार उघडे. त्यानंतर तिचं बोलणं आटलं. हळद इतकी, मीठ इतकं, बरं ठेवते. धाकटीचं नाव नाही. ताटकळून ती वैतागत असणार असं मी धरलं आणि तिच्या फोनला कोड्यातून सूट द्यायची ठरवून एका रविवारी तिरुवैयारूची बस पकडली.

जेवणं झाल्यावर मावशी फोन घेऊन मागच्या पायरीवर बसली. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. चाक फिरायला लागलं असावं, कारण तिने फोन मांडीवर ठेवला आणि विहिरीकडे बघत बोलायला लागली. स्वर इतका मऊ होता की मी नळ बंद केला.

“अगो, पोर आली अहे आज. कॉफीचा पहिला घोट घेताना डोळे मिटते, तुझ्यासारखीच. कोणी शिकवलं तिला?”

मी ओल्या हातांनी तिथेच उभी राहिले. ती आणखी बरंच बोलली. गुडघ्यांचं, आंब्याच्या झाडाचं, माझ्या लग्नाचं. मग फोनमधून आमचं दार उघडल्याचा आवाज झाला. तिने फोन उचलला, घसा साफ केला आणि सगळ्यांसाठी डांगर पच्चडीची, म्हणजे दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठाची, कृती सांगितली.

मी बाहेर येऊन तिच्याजवळ बसले. म्हटलं, दार उघडायच्या आधीचं काही साठत नाही, माहीत आहे ना? तिला माहीत होतं.

“चाक फिरतं तोवर कोणीच ऐकत नाही. तेवढाच वेळ आम्हा दोघींचा,” ती म्हणाली.

मलाही ऐकायचंय, मी म्हटलं. माझ्याशी बोल की. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तुझा चेहरा दिसला की नाही जमत, असं काहीतरी पुटपुटली आणि केळी बांधून देण्यासाठी उठली. सूट द्यायला आले होते हे मी तिला सांगितलंच नाही.

आता यंत्रांचा त्रास जवळजवळ संपलाय. चुलतभाऊ म्हणतो, ते कोडं काढून टाक, उगाच फोन तापतात. मी काढत नाही. काम करता करता कधी पडद्यावर दिसतं की इतका वेळ घेणारा एकच फोन, तिरुवैयारूचा तो जुना, दाराशी आलाय आणि अजून उत्तर शोधतोय. मी हातातलं सगळं बाजूला ठेवते. त्या वेळी तिकडे कोणीतरी माझ्या आईशी, माझ्या आईच्याच आवाजात बोलत असतं, आणि मला त्यातलं काही ऐकू येत नाही.