वाढत्या अंगाची सायकल

माणसाच्या मापाची एकही वस्तू माणसाने वापरू नये, असं मानणारा एकच मनुष्य या भूतलावर होऊन गेला आणि तो नेमका आमच्या घरात होता. ते म्हणजे माझे थोरले काका. "मापात बसली ती वस्तू संपली," असं ते म्हणायचे. दुकानात मला एखादा फ्रॉक छान बसला की काकांचा चेहरा उतरायचा. शाळेचा गणवेश म्हणजे खांदे कोपराकडे ओघळलेले आणि खालची घडी इतक्या वेळा दुमडलेली, की मी चालताना माझ्या पायांवर कुणीतरी सतरंजी आपटतंय असं वाटायचं. दर जूनमध्ये त्या घडीतला एक पदर उसवायचा. बुटांच्या टोकात कापूस असायचा. घरात माणसं चार, पण कुकर काकांनी असा आणला होता की डाळ शोधायला आईला हात कोपरापर्यंत आत घालावा लागे. माझ्या बाबांच्या लग्नाचा कोटही काकांनीच शिवून घेतला होता. "लग्नानंतर माणूस सुटतो," हे त्यामागचं शास्त्र. बाबा काही सुटले नाहीत. लग्नाच्या फोटोत अजूनही आईशेजारी एक कोट उभा आहे आणि त्याच्या वरच्या बाजूला बाबांचं डोकं आहे.

काकांचा यात फार दोष नव्हता, कारण त्यांचं सगळं आयुष्य कापडात गेलं होतं. आधी परळच्या गिरणीत, घडी खात्यात. संपानंतर गिरणी बंद पडली, आम्ही सगळे दिंडोशीच्या नव्या वसाहतीत राहायला आलो, आणि काका गोरेगावात एका कापडाच्या दुकानात लागले. गिऱ्हाइकाला मीटर लावून कापड द्यायचं आणि वर बोटभर सोडायचं, हा त्यांचा हात. मालक ओरडायचा, पण तो हात काही आखडला नाही. "कापड आटतं आणि पोर वाढतं, मधल्या मधे मरण आईबापाचं," हे वाक्य त्यांनी गोरेगाव पूर्वेच्या निम्म्या बायकांना ऐकवलेलं होतं. आमच्या नव्या दोन खोल्यांवरही त्यांचा राग होता तो यासाठीच. भिंतींवरून हात फिरवून ते म्हणाले होते, "ह्या घराक शिवणीत कायच सोडूक नाय."

सिद्धांत असा पक्का असला, तरी काका स्वतः जन्मभर गोंधळलेलेच होते. मोठं घ्यायचं हे ठरलेलं. पण किती मोठं, इथे त्यांचं घोडं पेंड खायचं. लग्नसुद्धा त्यामुळेच राहिलं. गावाकडच्या पुष्कळ मुली बघून आले, कांदेपोहे खाऊन आले, आणि "कोरं कापड आणि कोरं माणूस, पहिल्या धुण्याशिवाय कळत नाही," असं म्हणत राहिले. धुणं तर लग्नानंतरच होणार. तेव्हा ते प्रकरण तिथेच थांबलं, आणि काकांचं सगळं लक्ष घरातल्या एकमेव वाढत्या अंगाकडे, म्हणजे माझ्याकडे वळलं.

मी चौथीत असताना त्यांनी कबूल केलं, "पास झालीस की सायकल." मी पास झाले. त्या काळी आमच्या वसाहतीतले रस्ते मोकळे होते आणि सुट्टी लागली की सगळी पोरं नाक्यावरून तासावर छोट्या सायकली आणून डोंगराच्या वळणापर्यंत चढवत न्यायची. तिथून खाली येताना हात सोडायचे. मला बाकी काही नको होतं. मला त्या वळणापर्यंत एकटीने जायचं होतं आणि वाऱ्यावर खाली यायचं होतं, आणि तेही त्याच सुट्टीत.

बाबा म्हणाले, "भाड्याची घेऊ दे ना तिला, सोपं आहे."

"भाड्याची आज बसते. उद्या पोर वाढली की काय करशील?"

"मोठी भाड्याने घेईल."

काका रागावले आणि रविवारी मला घेऊन स्टेशनजवळच्या सायकलच्या दुकानात गेले.

दुकानदाराने मला अठरा इंचीवर बसवलं. दोन्ही पाय जमिनीला टेकले. मी घंटी वाजवली. मला वाटलं, झालं, आता हिच्यावर बसूनच घरी जायचं. काका खाली वाकून माझे पाय बघत होते.

"बरोबर बसते," ते खिन्नपणे म्हणाले.

"तो फिर पॅक करू?" दुकानदार म्हणाला.

"बरोबर बसती है इसके लिये नहीं मंगता."

दुकानदाराने धंद्यात बरंच काही ऐकलं असेल, पण हे बहुधा नव्हतं. त्याने मला वीसवर बसवलं. पायांची बोटं टेकली. काका म्हणाले, ही एक वर्ष जाईल. मग बावीसवर. पाय लोंबकळले. काका म्हणाले, ही दोन वर्षं जाईल, नाही, तीन. मग चोवीस इंचीकडे त्यांची नजर गेली. ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचं सीट माझ्या छातीला लागत होतं. "काका," दुकानदार म्हणाला, "चोबीस के साथ सीढी भी देनी पडेगी." आम्ही घरी आलो. पुढच्या रविवारी पुन्हा गेलो, पुन्हा चढले, पुन्हा उतरले, पुन्हा रिकाम्या हाताने परत. त्याच्या पुढच्या खेपेला दुकानदाराने आम्हाला बघून सायकल न काढता चहा सांगितला.

काका आता सल्ले घेत सुटले. खालच्या मजल्यावर वाकोल्याहून आलेल्या आँटी होत्या, त्यांना पाच मुलं. त्या म्हणाल्या, "लहान घे बाबा, पडली तरी थोडंच लागेल." काकांना ते पटलं. दूधकेंद्रावर रांगेत कुणीतरी म्हणालं, मोठी घ्या, मुली झपाट्याने वाढतात. तेही पटलं. संध्याकाळी घरी येऊन ते आईला म्हणाले, "वहिनी, माका कायच समजणा नाय. लहान घेऊक व्हयी काय मोठी घेऊक व्हयी?" आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "भावोजी, तिला बसता येईल अशी घ्या." काकांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तिने पाचवी दिशा सांगितली होती.

शेवटी त्यांनी ठरवलं की आधी पोर कोणत्या वेगाने वाढतं ते बघायचं, मग सायकल. दुकानातून त्यांनी कोऱ्या मांजरपाटाची लांब पट्टी आणली, मला भिंतीला उभं केलं, टाचेपासून डोक्यापर्यंत पट्टी धरली आणि कात्री चालवली. आता काकांचा हात बोटभर सोडल्याशिवाय कापड कापायचा नाही, हे सगळ्या गोरेगावला ठाऊक होतं. फक्त काकांना ठाऊक नव्हतं. पुढच्या रविवारी त्यांनी तीच पट्टी मला लावली, तर मी एक बोट कमी भरले.

काकांनी मला पुन्हा उभं केलं, टाचा जुळवायला लावल्या, मान ताठ करायला लावली. तरी एक बोट कमीच. "पोर आटलं," काका पुटपुटले. मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, ती जेवते ना नीट?" मी स्वतः आरशासमोर जाऊन आले. मला रडू यायला लागलं, कारण मी आटत चालले तर सायकल कसली, मला पाळण्यातच परत जावं लागणार होतं. मग काकांनाच सुचलं. कोरं कापड, ताणलं गेलं असेल. एक पाणी द्यायला हवं. त्यांनी पट्टी बादलीत भिजत घातली, पिळली, दोरीवर वाळवली, इस्त्री केली आणि कपाटात ठेवली.

त्याच्या पुढच्या रविवारी मी त्या पट्टीपेक्षा चार बोटं उंच भरले.

"चार बोटां!" काकांचा आवाज फुटला. "आठवड्यात चार बोटां वाढला गो चेडू!" ते गॅलरीत गेले आणि वाकून खालच्या आँटींना ओरडून सांगितलं. आँटी वर बघून म्हणाल्या, "जीजस! डॉक्टरला दाखवा तिला." जन्मभर 'कापड आटतं' म्हणून लोकांना बजावणारा माणूस, पण आपल्याच बादलीत आपलीच पट्टी आटली, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. "धुतलेलं कापड खोटं बोलत नाही," असं मात्र ते दिवसभर म्हणत होते. आईला सगळं कळलं असणार, कारण ती पदर तोंडाला लावून मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. थोरल्या दिराला तोंडावर काही बोलायची आमच्याकडे रीत नव्हती. मी मात्र हरखून गेले होते. या वेगाने दिवाळीपर्यंत मी बाबांच्या डोक्यावरून बघणार होते.

त्याच संध्याकाळी सायकल आली. काळी, बावीस इंची, दांडीवाली, मागे कॅरिअर, खाली लोखंडी स्टँड. आई हळूच म्हणाली, "मुलींची नव्हती का?" काका म्हणाले, "लेडीज घेतली तर हिलाच चालेल. ही उद्या जावयालाही चालेल." जावई तेव्हा कुठेतरी शेंबूड पुसत चौथीच्या सुट्टीत गोट्या खेळत असणार. मी सायकलजवळ गेले. दांडी माझ्या बरगडीला लागली. काकांनी मला उचलून सीटवर ठेवलं, तर पाय पेडलपासून वीतभर वर राहिले. खाली जमलेली पोरं हसायला लागली. मी उतरवा म्हटलं, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. सुट्टी संपत आली होती आणि ते वळण तसंच राहिलं होतं.

काका दाराशी येऊन उभे राहिले. "दोन वर्षांत बसेल गो बाय," ते म्हणाले. मग त्यांचं बोलणं त्यांनाच लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उठवलं. माझी शाळा सुरू झाल्यावरही दुपारचीच असायची आणि त्यांचं दुकान दहाला उघडायचं. लुंगी गुडघ्यावर खोचून ते सायकल घेऊन दूधकेंद्रासमोर उभे होते. त्यांना स्वतःला सायकल येत नव्हती, पण धरता येत होती. मी दांडीखालून पाय घालून कैची मारायला शिकले. काका एका हाताने सीट आणि दुसऱ्या हाताने कॅरिअर पकडून मागे धावायचे. "पुढे बघ! चाकाकडे बघू नको! बघ म्हटलं ना पुढे!" मी ओरडायचे, "काका, सोडू नका हां!" आणि ते धापा टाकत म्हणायचे, "सोडणा नाय, सोडणा नाय." मला थांबता येत नव्हतं, कारण पाय पोचत नव्हते; थांबायचं म्हणजे काकांच्या अंगावर कलंडायचं. स्टँड होता तो सायकलला. माझा स्टँड काका होते.

अशी दोन वर्षं गेली. शाळा, परीक्षा, गणपती, आणि रोज सकाळी खोचलेली लुंगी. दुधाच्या रांगेतल्या बायका काकांना बघून घड्याळ लावायच्या म्हणे. वळणापर्यंत आम्ही कितीतरी वेळा गेलो, पण दोघं मिळून. उतारावर काका ब्रेक होऊन मागे लोंबकळायचे, त्यामुळे वारा असा कधी लागलाच नाही. मी वैतागायचे. त्यांच्या चपला झिजायच्या, ते मात्र कधी वैतागले नाहीत.

सहावीच्या सुट्टीत एका सकाळी मी खाली आले आणि काका यायच्या आत, सहज म्हणून, टांग टाकून सीटवर बसले. दोन्ही पाय पेडलवर पोचले. मी एक पाय खाली सोडला. तो जमिनीला टेकला. मी निघाले. मागे कुणी नव्हतं. चढावर मांड्या भरून आल्या, वळण आलं, मी फिरले, आणि मग तो वारा लागला, ज्याच्यासाठी मी दोन वर्षं थांबले होते. हात सोडायची हिंमत झाली नाही, पण मी मोठ्याने हसत होते एवढं आठवतं.

खाली आले तेव्हा काका दूधकेंद्रासमोर उभे होते. लुंगी खोचलेली होती, आणि हात कॅरिअर पकडायच्या बेतात पुढे आलेला तसाच राहिला होता. मी त्यांच्यासमोर ब्रेक लावला आणि पाय टेकवून थांबले. मला वाटलं, आता शाबास म्हणतील. काका माझ्या पायाकडे बघत राहिले. टेकलेली टाच, सीट, पेडल, सगळं त्यांनी डोळ्यांनी मापून घेतलं.

"बरोबर बसली," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून हा शब्द मी त्या अठरा इंचीनंतर ऐकला नव्हता. तेव्हाही ते असेच दिसले होते. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि कशाचं ते कळेना. काकांनी पुढे आलेला हात मागे घेतला, तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचत नसावं. मग ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "चोवीसची घेऊक व्हयी होती गो."

मी सायकल वळवून त्यांच्यापुढे उभी केली.

"काका, अजून एक फेरी मारू या. पण धरा हां. सोडू नका."

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सुटत आलेली लुंगी पुन्हा वर खोचली.