खडीतात्याचं दार

जन्म खडीत गेला म्हणून लोक त्याला खडीतात्या म्हणत. अभयारण्यातून जाणारा लांबलचक खडीचा रस्ता त्याच्या ताब्यात होता. ट्रक जायचे, खाचा पडायच्या, तात्या ग्रेडरचं मशीन फिरवून त्या बुजवायचा. पुन्हा ट्रक, पुन्हा खाचा. बिचाऱ्याने कधी कुरकुर केली नाही. ते खातं बायकोकडे होतं.

सरकारी खोली रस्त्याला अगदी खेटून. धुळीने बाईच्या छातीचा भाता झाला होता. दारं बंद, खिडक्या बंद, फटींत ओल्या चिंध्या, नि आत ही खोकतेय.

"अहो, एकदा तरी उघड्या दारात बसू द्या मला. मेल्यावर उघडून काय उपयोग?"

डॉक्टरनेही हात टेकले होते. धूळ थांबली नाही तर ही जगत नाही, म्हणाला.

औषध तात्याच्याच टँकरमध्ये होतं: खारं पाणी. ते मारलं की खडी घट्ट बसते, कणभर धूळ उडत नाही. पण अभयारण्याच्या हद्दीत सक्त मनाई. मीठ चाटायला जनावरं रस्त्यावर येतात. नव्या माणसांना हे तात्याच शिकवायचा. एवढुशा तुकड्याने काय बिघडतंय, म्हणत त्यानेच दारासमोर टँकर रिकामा केला.

धूळ बसली. हळूहळू खोकलाही बसला. बाईने चिंध्या फेकल्या, दारात खुर्ची टाकली. एके सकाळी हरणं आली.

"बघा तरी, पाहुणे आलेत!" ती लहान पोरीसारखी हसली.

तात्याने पाहिलं, ती खडी चाटत होती. रस्ता धुवायला हवा होता. पण धुतला की पुन्हा तीच धूळ, तोच खोकला. तिच्या तोंडाकडे बघून त्याचा पाय निघेना. उद्या धुऊ, म्हणाला.

दुपारी बाई दारातच बसलेली. वळणावरून ट्रक आला. समोर हरणांचा कळप. ड्रायव्हर भला माणूस. त्याने मुकी जनावरं वाचवली आणि ट्रक दारात घातला.

"तात्या, इथं हरणं कधीच नसतात हो!" तो ऊर बडवत होता. "आजच कशी आली?"



पंचनामा उरकला. ट्रकांची रांग लागली होती, आणि ग्रेडर चालवणारा दुसरा कोणी नव्हता. "रस्ता मोकळा करून घे," रस्ते खात्याचे साहेब खाली मान घालून म्हणाले. तात्या मशीनवर चढला. पातं टेकवून त्याने लाल झालेली खडी खरवडली आणि कडेला लोटली.

हरणं तेवढ्यापुरती बाजूला झाली. मशीन पुढे जाताच ती परत आली आणि कडेची खडी चाटू लागली.