माझ्या घशाची हर्राशी

मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मक्याची हर्राशी, म्हणजे लिलाव, पुकारणं हा माझा धंदा. ढिगावर उभं राहायचं, मूठभर दाणे वर धरून दाखवायचे आणि भाव चढवत न्यायचा. भोंग्याला मी कधी हात लावला नाही, आवाज तेवढा होता. त्या उन्हाळ्यात मात्र घसा बसला तो उठेचना. भर मे महिन्यात मी कूलर बंद करून चादर पांघरू लागलो. शेवटच्या ढिगापर्यंत आवाज पोचेना, तेव्हा अडत्यानं माझ्या जागी दुसरा माणूस उभा केला.

माझे साडू शेंद्र्याच्या कारखान्यात कामाला. मोबाइलवर कुणाचं तरी ऐकून ते एक बाटली घेऊन आले. "साडूभाऊ, तुमाला थायरॉइड हाय. आयोडीन कमी पडतंय. दोन थेंब पाण्यात घ्या, आवाज खणखणीत." रोजी जाताना माणूस काहीही पितो. मी प्यायलो.

फरक पडेना तसे साडू म्हणाले, चार घ्या. मेहुणी म्हणाली, चारानं काय व्हतंय, सहा. शेजाऱ्यांनी तर दहावर नेलं. जन्मभर मी लोकांना भाव चढवायला लावला आणि आता माझ्याच घशावर घरबसल्या बोली चालली होती. फरक एवढाच, की बोली त्यांची आणि घसा माझा. दहावर आवाज पार खरडला, चेहरा सुजला, जिना चढताना पाय भरून यायला लागले. मग मला राग आला. मी म्हणालो, रक्त तपासून घेतो.

"रक्तात काय बघायचं? अन् थायरॉइड तं बायकायचा आजार. चार लोकांत सांगू नका," साडू म्हणाले.

थेंब पाजताना हा आजार माझा होता, दवाखान्यात जायचं म्हटल्यावर बायकांचा झाला. मी गेलो. बाहेर बाकावर सगळ्या बायकाच बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध ऐसपैस बसलो आणि नंबर आल्यावर, फाटक्या आवाजात का होईना, सगळ्यांना ऐकू जाईल असं थायरॉइड म्हणून सांगितलं.

डॉक्टर तरुण होती. तिनं रक्त तपासायला लावलं, रिपोर्ट आल्यावर तो पाहिला, बाटली पाहिली. "काका, घरात मीठ कोणतं?"

"पुड्यातलं, आयोडीनवालं."

"मग तुम्हाला लागतं तेवढं त्यातूनच मिळतंय. तुमची ग्रंथी आधीच थकलीय, हे जास्तीचं आयोडीन तिला आणखी बसवतंय. थेंब आजपासून बंद." तिनं एक बारकी गोळी लिहून दिली. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त बघून कमी-जास्त करू म्हणाली.

"नक्की किती लागेल ते आजच सांगा की," मी चिडून म्हणालो.

"आज सांगितलं तर तो माझा अंदाज होईल. तुमच्या घरच्यांसारखाच."

हे मला पटलं. रोज उपाशीपोटी गोळी, चहा नंतर. डोस एकदा वाढला, एकदा थोडा उतरला. जन्मभर गोळी घेणार का, सवय लागेल, अर्धी करा, असं सगळे सांगत राहिले. मी अर्धी केली नाही.

दसऱ्याला सगळे आमच्याकडे जेवायला होते. साडूंनी खिशातून नवी बाटली काढून माझ्या ताटाशी ठेवली. "गोळी चालू द्या, पर जोडीला पाच थेंब तरी घेत जा."

मी ताटावरून उठलो. "पाचावर कोण आहे? मी शून्यावर आहे. शून्य, एक वार. शून्य, दोन वार." साडू हसले. मी छाती भरून श्वास घेतला. "शून्य, तीन वार."

बायको कणकेच्या हातांनी दारात आली आणि तिथंच थांबली. तो आवाज घरात कितीतरी महिन्यांत कुणी ऐकला नव्हता, मीसुद्धा. साडूंनी बाटली परत खिशात घातली. मी हात धुतले आणि अडत्याला फोन लावला.