आटलेल्या तळ्याच्या तळाशी

उरवड्याच्या वरच्या रानातलं ते तळं दर उन्हाळ्यात आटतं. रानातल्या जनावरांना बारमाही पाणी मिळावं म्हणून आम्ही हिंजवडीच्या ऑफिसातले चौघे तिथं जेसीबी घेऊन गेलो. "अजून खोल घे," असं मीच ओरडत होतो. तिसऱ्या बकेटला भेगाळलेल्या मातीखालचा ओला चिखल वर आला, आणि त्यात रक्त होतं. पावसाची वाट बघत तिथं निजलेले बेडूक मशीनच्या दातांनी कापले होते. खेकड्यांच्या पाठी फुटल्या होत्या. अर्धा उरलेला एक बेडूक अजून पाय झाडत होता. मी ड्रायव्हरची गचांडी धरली.

वाडीवरची एक म्हातारी डोक्यावरची लाकडं टाकून धावत आली. तिनं दगड उचलला आणि माझ्याच छातीत हाणला.

"त्याला कशाला धरतुयास? आटलं म्हंजी मेलं व्हय रं? समदी खाली निजल्यात!"

पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. आमची 'वन्यजीवांसाठी पाणी' ही पाटी काठावर उभी होती. मी तासभर कान देऊन बसलो. एकही बेडूक ओरडला नाही. छातीवरचा काळानिळा डागही तोवर गेला होता. माझं तेवढं मात्र लगेच बरं झालं.